पाईपाचं तोंड दाबलं की पाणी जोरात, मग रॉकेटचं तोंड पसरट कशाला?

शिरपूरहून थर्ड इयर मेकॅनिकलच्या एका पोरानं तीन गोष्टी विचारल्यात. एक, केळीला पाणी देताना पाईपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी जोरात लांब जातं, मग रॉकेटचं नॉझल शेवटी पसरट का, तिथं तर गॅस हळू व्हायला पाहिजे. दोन, रॉकेटच्या ज्वाळेत ओळीनं चमकणारे हिरे दिसतात ते काय असतात. आणि तीन, कॉलेजच्या कॉम्प्रेसरवर सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा जोरात हवा सोडणारं, नॉझल चालवायचा प्रोजेक्ट जमेल का.

भो, पहिला प्रश्न एक नंबर आहे. मी भुसावळचा, बरीच वर्षं नॉझल आणि टेस्ट स्टँडवरच गेली माझी, आणि खरं सांगू का, नवीन जॉईन झालेल्या पोरांना फॉर्म्युला पाठ असतो पण हा "का" विचारला की गप्प बसतात. त्यामुळे यालाच जास्त वेळ देतो.

पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाईपात जेवढे लिटर शिरले तेवढेच लिटर तोंडातून निघणार. तोंड अर्धं केलं तर तेवढ्याच पाण्याला दुप्पट वेगानं पळावं लागतं, विषय संपला. गॅसचं तसं नाही ना. गॅसचा वेग वाढतो तो प्रेशर पडत जातं म्हणून, आणि प्रेशर पडलं की गॅस फुगतो, विरळ होतो. म्हणजे एकीकडं वेग वाढतोय म्हणून जागा कमी लागायला पाहिजे, आणि दुसरीकडं तेवढाच किलोभर गॅस फुगलाय म्हणून जागा जास्त लागायला पाहिजे. या दोघांत कोण जिंकतं ते मॅक नंबर ठरवतो, म्हणजे गॅसचा वेग भागिले त्याच जागी त्याच तापमानाला असलेला आवाजाचा वेग.

हिशोब अगदी सोपा आहे. वेग १ टक्का वाढला तर घनता मॅकच्या वर्गाइतके टक्के कमी होते. मॅक ०.३ ला वेग १ टक्का वाढला तर घनता फक्त ०.०९ टक्के पडते, म्हणजे गॅस जवळपास पाण्यासारखाच वागतोय, तुझा अंगठ्याचा नियम इथं चालतो. मॅक १ ला वेग १ टक्का वर आणि घनता १ टक्का खाली, बरोब्बर काट्यावर. मॅक २ ला वेग १ टक्का वाढला की घनता ४ टक्के पडते, मॅक ३ ला ९ टक्के. आता ४ टक्के विरळ झालेला गॅस १ टक्का जास्त वेगानं जाणार असेल तर त्याला वाट ३ टक्के रुंदच द्यावी लागणार, दुसरा पर्यायच नाही. म्हणून आधी निमुळतं, मग थ्रोट म्हणजे सर्वात अरुंद जागा, मग पसरट. काट्यावरचा बिंदू, म्हणजे मॅक १, तो थ्रोटमध्येच येतो कारण क्षेत्रफळ कमी व्हायचं थांबून वाढायला लागतं ती जागा तीच.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, वहीत करून बघ. इंधन जळतं त्या चेंबरमध्ये ४७ बार (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचं प्रेशर), ३३०० केल्विन, जळलेल्या गॅसचा गॅमा (त्याच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) १.२, मॉलिक्युलर वेट २२ धर. प्रेशर ४७ वरून १ बारपर्यंत आणायचं असेल तर बाहेर मॅक ३ येतो. थ्रोटमध्ये गॅसचा वेग साधारण ११६५ मीटर पर सेकंद, बाहेर पडताना २६६०, म्हणजे २.२८ पट. पण त्याच वाटेत घनता १५.४ पटीनं पडली. १५.४ भागिले २.२८ केलं की ६.७, तर एक्झिटचं क्षेत्रफळ थ्रोटच्या ६.७ पट लागलं. तापमान ३३०० वरून १७३५ च्या आसपास आलं, आणि ही जी उष्णता गेली तीच वेग बनून बाहेर आली. पसरट भाग काढून टाकलास तर गॅस ११६५ वर सुटेल आणि पुढचं सगळं फुगणं बाहेर हवेत आडवंतिडवं वाया जाईल.

आता थ्रोटबद्दल एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. गॅसमध्ये प्रेशरची खबर आवाजाच्या वेगानंच जाते, त्याहून जोरात नाही. बाहेर प्रेशर कमी केलं की ती खबर उलटी आत जाते आणि आतून गॅस जास्त सुटतो. पण थ्रोटमध्ये गॅसच आवाजाच्या वेगानं बाहेर निघालाय म्हटल्यावर उलटी येणारी खबर तिथंच अडकते, चेंबरला बाहेरचं काही कळतच नाही. मग बाहेर एक बार असो की अंतराळातली पोकळी, थ्रोटमधून जाणारा किलो पर सेकंद तेवढाच राहतो. यालाच चोक झालं म्हणतात. साध्या हवेसाठी आतलं प्रेशर बाहेरच्या १.९ पट झालं की काम झालं, आणि हे काही फार नाही बरं का, गाडीच्या टायरमध्ये ३० पीएसआय असते, तिचा व्हॉल्व्ह काढल्यावर फुस्स करून सुटणारी हवा सर्वात अरुंद जागी सोनिकच, म्हणजे आवाजाच्या वेगानंच, असते. कॉम्प्रेसरच्या ब्लो गनचं पण तेच. फक्त पुढं पसरट भाग नसतो म्हणून नीट सुपरसॉनिक जेट होत नाही.

हे नॉझल रॉकेटवाल्यांनी शोधलेलं नाही. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनं १८८० च्या दशकात स्टीम टर्बाईनसाठी ते वापरलं, वाफ जोरात पात्यांवर मारायला, आणि रॉकेटला ते पुढं अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्डनं लावलं. आपल्याकडं भुसावळजवळच्या दीपनगरच्या थर्मल वीज केंद्रात कुणी ओळखीचं असेल तर त्याला स्टीम इजेक्टर म्हणजे काय ते विचार. कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचं परत पाणी होतं तिथं, घुसलेली हवा ओढून काढायला जुन्या पॉवर स्टेशनात आणि साखर कारखान्यात ते असतात, त्यात आत हेच नॉझल बसलेलं असतं, वाफ सुपरसॉनिक होते, तिचं प्रेशर पडतं आणि ती बाजूची हवा खेचून घेते.

मग नॉझल जेवढं लांब-रुंद तेवढं चांगलं का? नाही, आणि इथं खरी गंमत आहे. थ्रस्ट, म्हणजे रॉकेटला पुढं ढकलणारा जोर, कुठून येतो ते बघ. पसरट भागाची आतली भिंत मागच्या बाजूला तोंड करून असते, तिच्यावर गॅसचं प्रेशर आतून दाबतं त्याचा एक हिस्सा रॉकेटला पुढं ढकलतो, आणि बाहेरून हवा त्याच भिंतीला मागं ढकलते. जोपर्यंत आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा जास्त आहे तोपर्यंत नॉझल वाढवलेला प्रत्येक सेंटीमीटर फायद्याचा. ज्या जागी दोन्ही सारखे झाले तिथून पुढचा प्रत्येक सेंटीमीटर रॉकेटला मागं ओढतो, वरून वजन वेगळं. म्हणून थ्रोट ठरवतो गॅस किती जाणार आणि पसरट भाग किती असावा ते ठरवते बाहेरची हवा. जमिनीवरून उडणाऱ्या स्टेजचं नॉझल त्यामुळे आखूड असतं आणि वर पोकळीत चालणाऱ्या स्टेजचं भलंमोठं.

इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटचं वरच्या स्टेजचं क्रायोजेनिक इंजिन सीई-२० घे. त्याचा एरिया रेशो, म्हणजे एक्झिटचं क्षेत्रफळ भागिले थ्रोटचं, १०० आहे, एक्झिटला प्रेशर साधारण ५० मिलीबार. वर पोकळीत एकदम झकास, पण हेच इंजिन जमिनीवर टेस्ट करायचं म्हटलं तर बाहेर १००० मिलीबार हवा बसलेली. ढोबळ नियम असा की भिंतीवरचं प्रेशर बाहेरच्या साधारण एक तृतीयांश ते ०.४ पर्यंत उतरलं की गॅस भिंत सोडायला लागतो, फ्लो सेपरेशन म्हणतात त्याला. ५० मिलीबार त्याच्या कितीतरी खाली आहे, म्हणजे नॉझलच्या आतच कुठंतरी फ्लो सुटणार. आणि तो गोल सगळीकडून सारखा सुटत नाही, एका बाजूनं आधी, दुसऱ्या बाजूनं नंतर, परत जागा बदलतो, त्यामुळे नॉझलला आडवे धक्के बसतात, व्हायब्रेशन होतं, जिथून सुटला तिथं गरमीचा त्रास होतो. स्टार्टअपला असे आडवे लोड येताना डेटा बघितला की पोटात गोळा येतो राव, अर्ध्या सेकंदाचा खेळ असतो पण गिंबलचे, म्हणजे इंजिनची दिशा वळवणारे, रॉड त्या अर्ध्या सेकंदासाठीच जाड करावे लागतात. म्हणून असली इंजिनं हाय अल्टिट्यूड टेस्ट फॅसिलिटीत चालवतात, जिथं नॉझलभोवती कृत्रिम पोकळी ठेवतात. ती सेटअप किचकट आणि महागडी. इस्रोनं २९ नोव्हेंबर २०२४ ला महेंद्रगिरीला सीई-२० ची सी लेव्हलवर टेस्ट केली, नॉझल प्रोटेक्शन सिस्टीम लावून. वाचताना बातमी छोटी वाटते, आमच्या धंद्यातल्या माणसाला ती मोठी वाटली.

आकाराबद्दल एवढंच की सरळ १५ डिग्रीचा कोन ठेवला तर गॅस थोडा बाजूला पसरतो म्हणून १.७ टक्के थ्रस्ट जातो. जी. व्ही. आर. राव यांनी १९५८ मध्ये भिंतीचा सर्वात फायद्याचा वक्र काढायची पद्धत दिली, आज जी घंटेच्या आकाराची नॉझलं दिसतात ती त्याच वाटेवरची.

आता हिरे. एक्झिटला प्रेशर बाहेरच्यापेक्षा कमी आहे पण फ्लो सुटण्याइतकं कमी नाही, अशा वेळी बाहेरची हवा जेटला दाबते. पण जेट सुपरसॉनिक, पुढं काय आहे याची खबर त्याला आधी मिळतच नाही, त्यामुळे हळूहळू जुळवून घेणं जमत नाही, प्रेशर एकदम उडी मारतं. ती उडी म्हणजे शॉक वेव्ह. नॉझलच्या काठापासून तिरपे शॉक आत जातात, मधोमध भेटतात, पलीकडं जाऊन जेटच्या कडेला आपटतात, तिथून एक्स्पान्शन, म्हणजे गॅस फुगवणारी लाट, बनून परततात, गॅस परत फुगतो, परत दाबला जातो, असं चालू राहतं. जिथं जिथं शॉकनं गॅस दाबला तिथं तो परत तापतो आणि उरलेलं इंधन जळून चमकतं, तो तुझा हिरा. एक्झिटचं प्रेशर बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरी हिरे येतात, फक्त आधी फुगणं मग दाबणं असा क्रम होतो. रॉकेट वर गेलं की हवाच राहत नाही दाबायला, हिरे गायब आणि ज्वाळ भली मोठी पसरते, लाँचचा व्हिडिओ बघताना लक्ष दे.

शॉकबद्दल आकडे लक्षात ठेव, बाकी विसरलास तरी चालेल. हवेत मॅक २ ला सरळ उभा शॉक आला तर प्रेशर ४.५ पट, तापमान १.६९ पट, आणि पलीकडं मॅक ०.५८, म्हणजे सबसॉनिक, आवाजापेक्षा हळू. हे सगळं होतं ते एका मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीत. एवढ्या पातळ जागेत एवढी उडी म्हटल्यावर नुकसान होणारच, टोटल प्रेशर, म्हणजे गॅस अलगद थांबवला तर मिळेल ते प्रेशर, त्यातले २८ टक्के गेले ते गेले, परत मिळत नाहीत. मॅक ३ ला तर ६७ टक्के जातात. म्हणून सुपरसॉनिक विमानाच्या इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडात, एका मोठ्या उभ्या शॉकऐवजी आधी एकदोन तिरपे शॉक घेऊन वेग टप्प्याटप्प्यानं कमी करतात. ओझरला एचएएलनं जी मिग-२१ बनवली त्यांच्या नाकात पुढं आलेला शंकू असतो ना, तो दिसायला म्हणून नाही, तिरपा शॉक तिथूनच निघतो आणि वेगाप्रमाणे शंकू मागं-पुढं सरकतो. शॉकचा फोटो मात्र विमानं यायच्या आधीचा आहे, अर्न्स्ट मॅक आणि पेटर साल्चर यांनी १८८७ मध्ये बंदुकीच्या गोळीभोवतीचे शॉक फोटोत छापून दाखवले. वरणगाव फॅक्टरीत बनतात तसल्या रायफलच्या गोळ्यांना आजही तोच शॉक असतो, फायरिंग रेंजवर कडक्कन आवाज येतो त्यात त्याचा वाटा मोठा.

विषय निघालाच आहे तर सोनिक बूमचं पण सांगून टाकतो, कारण ९० टक्के लोकांना वाटतं की विमान आवाजाचा वेग ओलांडतं त्या क्षणी एकदाच धडाका होतो. तसं नाही. विमान सुपरसॉनिक आहे तोवर शॉक त्याच्या मागं सतत ओढला जातो, तो ज्या गावावरून जाईल त्या गावाला धडाका, मग पुढच्या गावाला. आणि यात आमना खान्देशमा एक मजा आहे. ११ किलोमीटरवर हवा उणे ५६ डिग्री, तिथं आवाजाचा वेग २९५ मीटर पर सेकंद. मे महिन्यात खाली भुसावळ-जळगावला ४५ डिग्री, तिथं आवाजाचा वेग ३५८. वर विमान मॅक १.१५ नं गेलं तर त्याचा वेग ३४० च्या आत भरतो, म्हणजे खालच्या हवेच्या हिशोबानं ते सबसॉनिकच. त्याचा शॉक खालच्या गरम हवेत येता येता वर वळतो आणि जमिनीवर काही ऐकू येत नाही. वारा बाजूला ठेवला तर आपल्याकडं उन्हाळ्यात साधारण मॅक १.२ च्या वर गेल्याशिवाय एवढ्या उंचीवरचा बूम खाली पोचायला नको. थंडीत हा आकडा खाली येतो.

आता प्रोजेक्ट. जमतो, आणि ज्वाळा, इंधन, कशाचीच गरज नाही, नुसती हवा पुरे. गोल नॉझल करू नकोस, ३ एमएमच्या भोकात पसरट वक्र कापायला टूल मिळत नाही. चपटं कर. पितळेच्या ४ एमएम जाड पट्टीत वायरकटवर (विजेच्या तारेनं धातू कापणारं मशीन) दोन बाजूंचा वक्र कापून घे, एमआयडीसीत करून देतात, आणि दोन्हीकडून पॉलीकार्बोनेटच्या जाड प्लेट बोल्टनं आवळ. अॅक्रिलिक नको, तडकतं. थ्रोटची उंची २ एमएम, एक्झिटची ३.४ एमएम, म्हणजे एरिया रेशो १.७, हिशोबानं साधारण मॅक २. बाजूच्या भिंतीच्या बाउंडरी लेयरमुळे (भिंतीला चिकटून हळू चालणारा हवेचा थर) प्रत्यक्षात थोडा कमी मिळेल, चालतं. यासाठी आत ७.८ बार लागतो, आणि पोरं इथंच चुकतात, हा अॅब्सोल्यूट आहे, म्हणजे बाहेरच्या हवेचा १ बार धरून, गेजवर ६.८ दिसायला पाहिजे. गॅसच्या तक्त्यात गेज प्रेशर टाकलं की सगळं गणित बोंबलतं.

हवा किती लागेल ते आधी बघ. एवढ्या थ्रोटमधून फुल प्रेशरला सेकंदाला साधारण १४-१५ ग्रॅम हवा जाते, म्हणजे २५ सीएफएमच्या (घनफूट पर मिनिट) आसपास, छोटा कॉम्प्रेसर एवढी सतत देऊच शकत नाही. म्हणून टाकी भरून घे आणि सोड. १६० लिटरची टाकी असेल तर ७.८ वरून ३ बारपर्यंत यायला मिनिट-दीड मिनिट मिळतं. त्यात प्रेशर उतरत जातं हा तोटा नाहीच, उलट एकाच रनमध्ये सगळ्या अवस्था बघायला मिळतात. टाकी आणि नॉझलच्या मधली लाईन मात्र जाड ठेव, अर्धा इंच तरी, नाहीतर चोक नॉझलमध्ये व्हायच्या आधी कुठल्यातरी कपलिंगमध्येच होऊन बसेल. पाईप क्लॅम्प कर, कानाला मफ, डोळ्याला गॉगल, आणि जेटसमोर हात अजिबात नाही.

तापमान मोजायला जाशील तर गोंधळशील. टाकीत ४५ डिग्रीची हवा असेल तर मॅक २ च्या जेटमध्ये गणितानं उणे ९६ डिग्री येतं. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घातलंस तर ते दाखवेल टाकीच्या तापमानापेक्षा थोडंच कमी. थर्मोकपल खराब नाहीये. हवा ५३० मीटर पर सेकंदानं येऊन त्याच्या टोकावर थांबते आणि थांबताना परत तापते, तू मोजतोस ते थांबलेल्या हवेचं तापमान. हवा खरंच गार झालीय ते पावसाळ्यात दिसतं, दमट हवा असली की जेटमध्ये पांढरं धुकं तयार होतं. त्या धुक्यानं फ्लोपण बिघडतो, म्हणून मोठ्या सुपरसॉनिक टनेलमध्ये हवा आधी कोरडी करून घेतात. तुला ड्रायर मिळाला तर लाव, नाही तर मार्च-एप्रिलमध्ये टेस्ट घे, आपल्याकडची कोरडी हवा तेव्हा फुकटात मिळते.

शॉक बघायचे तर अंधाऱ्या खोलीत एकच बारीक एलईडी लांब ठेव, जेट मध्ये आणि मागं पांढरा कागद, कागदावर तिरप्या रेषा दिसतात. पण परीक्षकाला पटवायचं असेल तर त्याच्यापेक्षा भारी गोष्ट एसी रिपेअरवाल्याकडं मिळते, कंपाउंड गेज, जे प्रेशर आणि व्हॅक्युम दोन्ही दाखवतं. पितळेच्या वक्रात एक्झिटच्या जरा अलीकडं अर्ध्या एमएमचं भोक पाड आणि तिथं ते गेज लाव. टाकीचं प्रेशर गेजवर ४ बार असताना हे गेज पाऱ्याच्या १० इंचाच्या आसपास व्हॅक्युम दाखवेल. आत ४ बार, आणि भिंतीला व्हॅक्युम! सबसॉनिक फ्लो असता तर पसरट भागात प्रेशर वाढत जाऊन एक्झिटला बाहेरच्या हवेइतकं झालं असतं. टाकी उतरत जाईल तसं व्हॅक्युम अजून वाढेल, आणि टाकीच्या गेजवर २ बारच्या जवळपास कधीतरी आवाज बदलेल आणि काटा झटक्यात शून्याकडं पळेल. तेच फ्लो सेपरेशन, सीई-२० ला नकोसं असलेलं. काटा पळायच्या लगेच आधीचं रीडिंग पकड, मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढ म्हणजे दोन्ही गेज एकत्र येतील, ते अॅब्सोल्यूटमध्ये बदल आणि बाहेरच्या हवेच्या प्रेशरनं भाग. ०.३५ ते ०.४५ मध्ये काही आलं तर सेटअप बरोबर आहे. ०.७-०.८ येत असेल तर आधी प्लेटच्या सांध्यातली गळती शोध, बहुतेक वेळा बोल्ट ढिले असतात.